उपग्रह, नगर आणि हवा : एका अभ्यासपद्धतीचा इतिहास

नगरांच्या हवेचा पद्धतशीर अभ्यास ल्यूक हॉवर्ड याच्यापासून सुरू झाला असे मानण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. हॉवर्ड हा लंडनमधील औषधे व रसायने तयार करणारा व्यावसायिक होता. ढगांच्या प्रकारांना आज जी लॅटिन नावे रूढ आहेत त्यांचा पाया त्यानेच घातला. लंडनच्या हवामानावरील त्याचा ग्रंथ १८१८ ते १८२० या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला व १८३३ मध्ये त्याची तीन खंडांची वाढीव आवृत्ती निघाली. नगरातील तापमानाच्या नोंदी आणि नगराबाहेरील स्वतःच्या नोंदी यांची तुलना करून त्याने असे दाखवून दिले की, लंडनमधील रात्र भोवतालच्या मुलुखातील रात्रीपेक्षा सरासरीने ३.७० अंश फॅरनहाइट अधिक उष्ण असते. दिवस मात्र ०.३४ अंशाने थंड असतो. या विधानाचा पूर्वार्ध पुढे वारंवार उद्धृत होत राहिला. उत्तरार्ध त्या मानाने उपेक्षित राहिला. नगर हे दिवसा भोवतालच्या प्रदेशाहून थंडही असू शकते ही गोष्ट भारतीय नगरांच्या संदर्भात एकविसाव्या शतकात पुन्हा नव्याने शोधावी लागली, आणि या वेळी साधन होते ते उपग्रहाचे. परंतु त्या शोधाचा अर्थ लावण्यापूर्वी उपग्रह नेमके काय पाहतो हे समजून घेणे प्राप्त होते. ते समजण्यास बराच काळ लागला, आणि त्या काळातील गैरसमजांचा वृत्तान्त हाच या अभ्यासपद्धतीच्या इतिहासातील सर्वांत उद्‌बोधक भाग होय.

हॉवर्डनंतरची परंपरा जमिनीवरचीच होती. १९२७ मध्ये व्हिएन्ना येथे विल्हेल्म श्मिट याने मोटारगाडीवर तापमापक बसवून शहरातून फेऱ्या काढल्या, आणि ही रीत पुढे अनेक देशांत रूढ झाली. अशा फेऱ्यांवरून समतापरेषांचे जे नकाशे तयार होत, त्यांत नगराचा मध्यभाग उष्ण व कडा थंड दिसत. समुद्रातील बेटाच्या उंचसखलपणाच्या नकाशाशी असलेल्या त्यांच्या साम्यामुळे 'उष्णतेचे बेट' हा शब्दप्रयोग रुळला. भारतात ज्या मोजक्या लेखांनी या विषयाचा पाया घातला त्यांत सी. ई. जे. डॅनिअल व के. कृष्णमूर्ती यांचा पुणे व मुंबई येथील नागरी तापमानक्षेत्रांवरील १९७३ मधील लेख गणला पाहिजे. या सर्व निरीक्षणांत एक गोष्ट समान होती. मोजले जात होते ते हवेचे तापमान, आणि तेही जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवरच्या, म्हणजे माणूस ज्या हवेत वावरतो त्या हवेचे. उणीव होती ती विस्ताराची. एक गाडी एका रात्रीत जेवढे रस्ते पालथे घालील तेवढीच माहिती हाती येई, आणि पहिल्या रस्त्यापासून शेवटच्या रस्त्यापर्यंत पोहोचेतो रात्र पुढे सरकलेली असे.

ही उणीव वरून भरून काढता येईल हे प्रथम दाखविले ते पी. कृष्ण राव यांनी. १९७२ मध्ये अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्यांचे अवघ्या दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. जानेवारी १९७० मध्ये सोडण्यात आलेल्या आयटॉस-१ या हवामान-उपग्रहाच्या अवरक्त नोंदींत अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मोठी नगरे भोवतालच्या प्रदेशापेक्षा उष्ण दिसतात, हे त्याचे प्रतिपाद्य. त्या उपकरणाला सुमारे साडेसात किलोमीटरांहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नसे. त्या काळचे पुणे अशा थोड्याशा ठिपक्यांत संपले असते. असे असूनही टिपणाचे महत्त्व फार मोठे आहे. ढगांचा व वादळांचा मागोवा घेण्यासाठी बांधलेल्या यंत्राला नगराविषयीचा प्रश्न विचारता येतो, ही कल्पना त्यात प्रथम स्पष्टपणे मांडलेली दिसते. पुढे या विषयावर जे अफाट वाङ्मय निर्माण झाले त्याच्या मुळाशी हे दोन पानांचे टिपण असावे, हे शास्त्रीय लेखनातील शब्दसंख्येविषयी विचार करावयास लावणारे आहे.

त्यानंतरची प्रगती त्वरेने झाली. नोआ-५ या उपग्रहाच्या सुमारे एक किलोमीटर तपशिलाच्या चित्रांवरून मॅट्सन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम व ईशान्य भागांतील पन्नासांहून अधिक नगरांची उष्णतेची बेटे ओळखली. त्याच वर्षी खास उष्णतेच्या अभ्यासासाठी एक लहान उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या नोंदींवरून जे. सी. प्राइस यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, नागरी भागांचे पृष्ठभाग भोवतालच्या प्रदेशाहून दहा ते पंधरा अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापलेले असतात. १९८४ मध्ये लँडसॅट-५ आला आणि तपशील १२० मीटरांपर्यंत खाली उतरला. आता कारखान्यांची वसाहत, रेल्वेचे आवार, उद्यान, तलाव हे सारे वेगवेगळ्या रंगांनी नकाशावर उमटू लागले. या चित्रांनी अभ्यासकांस भुरळ घातली यात नवल नाही. गाडीवर तापमापक बसवून रात्र-रात्र हिंडणाऱ्यांना दोन-चार अंशांचा फरक सापडत असे. येथे एका दृष्टिक्षेपात दहा-पंधरा अंश हाती येत होते.

परंतु ते अंश कशाचे होते? अवरक्त प्रारणमापक हवेचे तापमान मोजीतच नाही. सुमारे दहा ते बारा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात निरभ्र वातावरण बरेचसे पारदर्शक असते, आणि म्हणूनच तो पट्टा निवडलेला असतो. त्यातून वर पोहोचते ते पृष्ठभागाने उत्सर्जित केलेले प्रारण. छपरे, डांबरी रस्ते, झाडांचे शेंडे, उघडी माती यांच्या अगदी वरच्या पातळ थराचे ते तापमान असते. भिंती उपग्रहास फारशा दिसत नाहीत आणि अरुंद गल्लीचा तळही क्वचितच दिसतो. वैशाखातील दुपारी डांबर साठ अंशांच्या घरात गेले असता त्यावर चालणाऱ्या माणसाच्या नाकाशी असलेली हवा चाळीस अंशांच्या आसपास असू शकते. दोन्ही आकडे खरे, परंतु ते दोन भिन्न वस्तूंचे आहेत.

फरक नुसता मापाचाही नाही; या दोन बेटांची वेळापत्रकेच परस्परविरुद्ध आहेत. दिवसा सूर्यतापाने हवा वर-खाली घुसळली जाते, तापलेल्या छपराची उष्णता उंचापर्यंत वाटली जाते, आणि नगर व खेडे यांच्या हवेतील अंतर कमी राहते. पृष्ठभागांतील अंतर मात्र त्याच वेळी कमाल असते. सूर्यास्तानंतर उलट घडते. उघडे माळरान आकाशाकडे उष्णता टाकून लवकर निवते, तर भिंतींच्या दरम्यान कोंडलेली नगरातील उष्णता हळूहळू सुटते, आणि हवेतील अंतर वाढत जाते. रोथ, ओक व एमरी यांनी व्हँकूव्हर, सिॲटल व लॉस एंजेल्स या तीन किनारी नगरांवरील १९८९ मधील आपल्या निबंधात ही विसंगती निःसंदिग्ध शब्दांत मांडली. उपग्रहाचे बेट दुपारी सर्वांत ठळक व रात्री फिके, हवेचे बेट दुपारी फिके व रात्री ठळक. सतरा वर्षे एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या घटना मोजल्या जात होत्या. शब्द आयता मिळाला की अशी गफलत होते. रूढ संज्ञा नव्या साधनाच्या गळ्यात बांधली गेली आणि साधन काय मोजते याची विचारणा मागे पडली. या निबंधानंतरही सुधारणा मंदच झाली. २००३ मध्ये व्हूग्ट व ओक यांनी या क्षेत्राचा आढावा घेताना जमीनवापराचे वर्णन व तापलेल्या पृष्ठभागाचे चित्र यांची सांगड घालण्यापलीकडे बरेचसे संशोधन गेलेले नाही, अशी तक्रार नोंदविली आहे. ती तक्रार अद्याप कालबाह्य झाली आहे असे म्हणवत नाही.

दूषित हवेच्या अभ्यासाची शाखा वेगळ्या मुळातून फुटली. तिचे मूळ ओझोनच्या मापनात आहे. १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ वरील उपकरण परत फिरलेल्या जंबुपार प्रकाशावरून वातावरणातील एकूण ओझोन मोजीत असे. हेच तत्त्व, पण पूर्ण वर्णपटासह, एप्रिल १९९५ मध्ये सोडलेल्या युरोपीय ईआरएस-२ उपग्रहावरील 'गोम' या उपकरणात वापरले गेले. नायट्रोजन डाय-ऑक्साइड हा वायू निळ्या प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो; परावर्तित प्रकाशातील त्या खुणांवरून त्याचे प्रमाण काढता येते. गोमचा एकेक चौकोन ३२० किलोमीटर लांब व ४० किलोमीटर रुंद होता. एवढ्या चौकोनात नगर शोधणे म्हणजे तालुक्याच्या नकाशात घर शोधण्यासारखेच. तरीसुद्धा अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून बायर्ल व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये एक मनोहर गोष्ट दाखविली. युरोप व अमेरिका येथील औद्योगिक प्रदेशांवर या वायूचे प्रमाण रविवारी ठळकपणे उतरते, इस्रायलमध्ये ते शनिवारी उतरते, आणि चीनमध्ये असे साप्ताहिक चक्र आढळत नाही. निसर्गाला वारांची ओळख नाही. तेव्हा आठवड्याचे चक्र दिसले की त्यामागे माणूस आहे, हे निराळे सिद्ध करावे लागत नाही. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, रिख्टर व सहकाऱ्यांनी १९९६ ते २००४ या काळात चीनच्या औद्योगिक प्रदेशावरील हा वायू सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले.

त्यापुढचा इतिहास चौकोन लहान होत जाण्याचा आहे : २००२ मध्ये ६० बाय ३० किलोमीटर, २००४ मध्ये १३ बाय २४, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावर ७ बाय ३.५. २०२० च्या टाळेबंदीत दिल्ली व मुंबई यांवरील नायट्रोजन डाय-ऑक्साइड जवळजवळ निम्म्याने घटलेला दिसला तो याच शेवटच्या उपकरणाला.

सूक्ष्म धूलिकणांची कथा अधिक अवघड आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरील मोडिस या उपकरणासाठी योराम कॉफमन व सहकाऱ्यांनी जी रीत बसविली, तिचे तत्त्व साधे होते : गर्द वनस्पतींनी झाकलेली जमीन उपग्रहास काळसर दिसते; त्या काळ्या पार्श्वभूमीवर धुक्यासारखा जो उजेड अधिक दिसेल तो हवेतील कणांचा. आता विरोधाभास पाहावा. ही रीत जंगलावर व शेतावर उत्तम चालते. सिमेंट, पत्रे व उघडी माती यांनी उजळलेल्या नगरावर तीच लंगडी पडते. म्हणजे ज्या जागेची हवा जाणून घ्यावयाची तेथेच माप सर्वांत अविश्वसनीय. २००४ मध्ये सु व सहकाऱ्यांनी, उजळ जमीनही निळ्या प्रकाशात बरीच काळसर असते या वस्तुस्थितीवर आधारलेली दुसरी रीत मांडली, तेव्हा वाळवंटे व कोरडे प्रदेश प्रथमच आवाक्यात आले.

एवढे करूनही हाती येतो तो जमिनीपासून अंतराळापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील कणांचा परिणाम. श्वास घेतला जातो तो त्या स्तंभाच्या तळच्या दोन मीटरांत. वँग व क्रिस्टोफर यांनी २००३ मध्ये अलाबामातील एका परगण्यातील सात ठिकाणी स्तंभाचे माप व जमिनीवरील सूक्ष्मकणांचे माप यांत चांगला सहसंबंध दाखविला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. परंतु अलाबामातील संबंध जसाच्या तसा गंगेच्या मैदानात नेता येत नाही. पौष-माघातील दिल्लीत हवेचा मिसळणारा थर अगदी उथळ असतो. तेवढेच कण जमिनीलगत दाटतात आणि स्तंभाच्या मापावरून श्वासातील विषाचा अंदाज कमी येतो. उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारी धूळ उंचावर तरंगते. तेथे अंदाज जादा येतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व आहेत त्याहून अधिक दिसतात. यांवर कडी म्हणजे, धुरके फार दाट झाले की आकडेमोडीची रीत त्याला ढग समजून तो दिवसच गाळून टाकते. सरासरीतून वगळले जातात ते असे सर्वांत वाईट दिवस. कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर पावसाळ्याचे महिने तर बव्हंशी कोरेच जातात.

वेळेचाही प्रश्न आहे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह दिवसातून एकदा, साधारण साडेदहाला किंवा दीडला, एका गावावरून जातो. रहदारीची सकाळ व चुलींची संध्याकाळ त्याच्या वाट्याला येत नाहीत. यावरचा उपाय म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाने भूस्थिर कक्षेतून दिवसभर तासातासाला आशियाची हवा पाहणारे 'जेम्स' हे उपकरण सोडले. त्याच्या पाहणीची पश्चिम सीमा ७५ अंश पूर्व रेखांशाच्या सुमारास आहे. मुंबई व पुणे तिच्या जरा पलीकडे राहतात.

या दोन शाखा, उष्णतेची व धुराची, दीर्घकाळ एकमेकींकडे न पाहता वाढल्या. त्यांची गाठ पडली ती गेल्या काही वर्षांत. काओ व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चीनमधील नगरांविषयी असे दाखविले की, धुरक्यातील कण रात्री जमिनीकडून वर जाणारे दीर्घतरंगी प्रारण अडवितात, आणि त्यामुळे निमशुष्क प्रदेशातील नगरांचे रात्रीचे पृष्ठभागबेट सुमारे ०.७ अंशाने वाढते. भारताविषयीचे दोन महत्त्वाचे निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील हितेश्री शास्त्री व सहकाऱ्यांचा, ८४ नगरांवरील. दुसरा राहुल कुमार, विमल मिश्रा व सहकाऱ्यांचा. निष्कर्ष चमत्कारिक वाटावा असा होता. दुसऱ्या निबंधानुसार साठ टक्क्यांहून अधिक भारतीय नगरे दिवसा भोवतालच्या जमिनीपेक्षा थंड दिसतात, आणि रात्री मात्र सुमारे नव्वद टक्के नगरे उष्ण दिसतात. हॉवर्डच्या विधानाचे दोन्ही अर्ध येथे पुन्हा भेटतात.

कारण मात्र लंडनमध्ये शोधून सापडणारे नाही. ते शेतात आहे. चैत्र-वैशाखात रब्बीचे पीक निघालेले असते, जमीन उघडी, भेगाळलेली व कोरडी असते. तिच्यात बाष्पीभवनासाठी ओल नसल्याने सूर्याची सारी शक्ती ती तापविण्यात खर्च होते. त्या मानाने नगरात रस्त्याकडेची झाडे, बागा व पाणी दिलेली अंगणे असतात. ज्या मुलुखात कालव्याचे व विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही शेतांना मिळते तेथे खेडे थंड राहते व नगर नेहमीप्रमाणे उष्ण दिसते. हवेतील कणांचाही यात वाटा असल्याचे कुमार व मिश्रा यांच्या निबंधात सूचित केले आहे. यावरून भारतीय नगरे सुखद आहेत असा अर्थ कोणी काढल्यास तो भ्रम ठरेल. नगर थंड नाही. तुलनेसाठी घेतलेले शेत अधिक तापलेले आहे. वजाबाकीत दुसरी संख्या बदलली की उत्तराचे चिन्ह बदलते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच 'ग्रामीण' म्हणजे नेमके काय हे ठरविल्यावाचून बेटाचा आकडा सांगू नये, असा आग्रह स्ट्यूअर्ट व ओक यांनी २०१२ मध्ये धरला आणि नगर-खेडे या जोडीऐवजी बांधणी व भूपृष्ठ यांवर आधारलेले स्थानिक हवामानाचे वर्ग सुचविले. मुंबईसारख्या ठिकाणी या आग्रहाची गरज लगेच पटते. एका बाजूस समुद्र, दुसरीकडे खाडी व खारफुटी, मध्ये मिठागरे आणि बोरिवलीचे जंगल. यांपैकी ग्रामीण प्रदेश कोणता मानावा, यावर उत्तर अवलंबून राहील.

या सगळ्याचा संबंध केवळ व्याख्यांशी नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे मोजण्यात आले. तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धची कृतियोजना स्वीकारली. अशा योजनांसाठी आता ठिकठिकाणी उपग्रहांची उष्णताचित्रे मागविली जातात व त्यांवरील लाल भाग पाहून छपरांना पांढरा रंग कोठे द्यावयाचा, पाणपोई कोठे घालावयाची, हे ठरविले जाते. येथे एका भौतिक बाबीची दखल घेणे अगत्याचे आहे. प्रारणावरून तापमान काढताना पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता गृहीत धरावी लागते. बांधलेल्या भागासाठी ती साधारणपणे ०.९५ च्या आसपास धरतात. काँक्रीट, वीट, कौल, डांबर यांना हे मूल्य चालते. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या, चकचकीत पत्र्याची उत्सर्जनक्षमता मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. असा पत्रा उन्हात हात लावू नये इतका तापला तरी तो अवरक्त प्रारण थोडेच बाहेर टाकतो, आणि उपग्रहाच्या हिशेबात तो आहे त्याहून पुष्कळ थंड ठरतो. गंज चढला, धूळ बसली किंवा वर ताडपत्री अंथरली की मूल्य वाढते, व तोच पत्रा एकाएकी उष्ण दिसू लागतो. एकाच वस्तीत नवे व जुने पत्रे शेजारी शेजारी असतात. शंभर मीटरांच्या चौकोनात त्या सर्वांची सरासरी होते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात व २०१५ मध्ये मुंबईत हवेच्या गुणवत्तेची 'सफर' ही निरीक्षणयंत्रणा उभारली, तेव्हा जमिनीवरच्या मापनाला नवे बळ मिळाले. परंतु अशी केंद्रे उघड्यावर असतात, आणि असावीही लागतात. पत्र्याखालच्या खोलीत रात्री दोन वाजता किती उष्णता असते हे ना त्या केंद्राला कळते, ना त्याच सुमारास वरून जाणाऱ्या उपग्रहाला. ती नोंद घेण्यासाठी अजूनही तापमापक घेऊन त्या खोलीत जावे लागते.